ग्रिप वीक आहे म्हणे! (वय ३ वर्षे १० महिने)

चिंचेचं_बुटुक | १२ जुलै, रात्री ११:२०

बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या, हा उडवते.

लेक सप्टेंबरात चार पूर्ण करेल. यंदा ज्युनियर केजीत गेली. काल डायरीत लाल शाईने शेरा आला, 'ग्रिप वीक. नीड्स प्रॅक्टिस ॲट होम.' सोबत चार रेघी वहीची दोन पानं. एकावर स्टँडिंग लाइन, दुसऱ्यावर स्लँटिंग लाइन. स्लीपिंग लाइन नर्सरीतच 'झाल्या' म्हणे.

आज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसवलं तिला. पेन्सिल मुठीत धरते, आपण आमटीत पळी धरतो ना तशी. उभ्या रेघा कशाबशा आल्या. तिरप्या मात्र डोंगराच्या उतारासारख्या वाटेल तिकडे घसरत गेल्या. चौथ्या रेघेला तिने गाल टेबलावर टेकवला आणि म्हणाली, "आई, हात दमला." मी ओरडले. ती रडली. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नवरा म्हणतो सोड, सासूबाई म्हणतात आमच्या वेळी सहाव्या वर्षी पाटी हातात यायची. सोसायटीच्या ग्रुपवर एकीने ४ वर्षांच्या मुलांच्या हस्ताक्षर वर्गाची जाहिरात टाकली आहे, आणि खरं सांगते, मी फी विचारून मोकळी झालेय.

बोलायला एकदम पोपट आहे. पण बागेत घसरगुंडीच्या शिडीखाली माझी ओढणी धरून उभी राहते. हे दोन्ही एकमेकांशी संबंधित आहे का, की मी उगाच जोडतेय?

---

रविवारची_मिसळ | १२ जुलै, रात्री ११:४१

अजिबात काळजी करू नका. प्रत्येक मूल आपापल्या गतीने जातं. आमचा पाचव्या वर्षापर्यंत पेन्सिल चावायचा फक्त. आता दहावीत आहे, अक्षर डॉक्टरसारखं आहे पण मार्क बरे पडतात.

---

पाणकणीस | १३ जुलै, सकाळी ७:०५

+१. आणि हस्ताक्षर वर्ग???? चार वर्षांच्या मुलांना???? _/\_

---

सुईदोरा | १३ जुलै, दुपारी २:३०

बुटुकताई, मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवण, कपडे, लिहिणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करणारी, १४ वर्षं हेच काम करतेय. इथे बसून मुलीला तपासता येणार नाही, ते आधीच सांगते. पण तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारलात ना, शिडीचा आणि पेन्सिलचा, तो योग्य आहे. तुम्ही उगाच जोडत नाही आहात.

शरीरावरचा ताबा वरून खाली आणि मधून बाहेर असा येतो. आधी मान, मग पाठ, मग उभं राहणं. हाताचंही तसंच. आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. पेन्सिल हे या रांगेतलं शेवटचं गिऱ्हाईक. ज्या मुलाचा खांदा आणि पाठ अजून डुगडुगते, ते पेन्सिल मुठीत आवळून धरतं, कारण बोटांनी धरायला जो स्थिर पाया लागतो तो मागे नसतो. आणि लवकर दमतं. गाल टेबलावर टेकवला हे तुम्ही सहज लिहून गेलात, मला त्या वाक्यात जास्त माहिती मिळाली. तो आळस नसावा. बसून राहण्यातच तिची निम्मी ताकद जात असावी.

आता पकडीचं. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं. दोन-तीनला बोटं खडूवर उतरतात, पण तळवा जमिनीकडे असतो आणि अख्खा हात फिरतो. साडेतीन-चारच्या सुमाराला तीन बोटांत पेन्सिल येते, तरी हलतं मात्र मनगट. बोटांच्या सांध्यांतून बारीक हालचाल, म्हणजे आपण सही करताना करतो तशी, साडेचार ते सहाच्या दरम्यान कधीतरी येते. तेव्हा पावणेचारला मूठ असणं म्हणजे थोडी मागे आहे, पण घाबरण्याइतकी नाही. चार बोटांनी धरली तरीही चालतं बरं का, तीनच बोटं हवीत असा काही कायदा नाही.

आणि स्लँटिंग लाइन! मुलं साधारण तीनला गोल काढतात, चारला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि त्रिकोण त्याच्याही नंतर, पाचच्या आसपास. त्रिकोण शेवटी का? कारण तिरपी रेघ. उभी आणि आडवी रेघ शरीराला आतून कळते, तिरपीला दोन दिशा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. म्हणजे तुमच्या लेकीकडून तिच्या वयाला जी रेघ सगळ्यात कठीण तीच पानभर मागितली आहे. आपल्याकडे जुन्या शिक्षकांनी अ आ इ ऐवजी ग म भ न ने सुरुवात केली ती उगाच नाही. इंग्रजी शाळेत मात्र पहिलंच अक्षर ए, आणि त्याला दोन तिरक्या तंगड्या.

आता माझे प्रश्न. टेबलाशी बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकतात का? जेवते कशी? कपडे कोण घालतं? जिना कसा उतरते? आणि व्हॉट्सॲपवर बाळाच्या आणि सात वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे शेजारीशेजारी फिरतो, तो तुम्हाला कोणीतरी पाठवेलच. जन्माच्या वेळी मनगटातल्या ८ हाडांपैकी बहुधा एकही एक्स-रेत दिसत नाही, ती एकेक करून पुढच्या काही वर्षांत दिसू लागतात, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड तर ९ वर्षांनंतरच. हे खरं आहे. पण त्यावरून 'हाडंच नाहीत तर लिहिणार कशाने' असा जो निष्कर्ष काढतात तो खरा नाही. तिथे कूर्चा असते, हात काम करतो. अडचण हाडांची कमी आणि सरावाची जास्त असते, आणि सराव म्हणजे वही नव्हे.

---

चिंचेचं_बुटुक | १३ जुलै, रात्री १०:५०

सुईदोराताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उत्तरं लिहिताना लाज वाटतेय पण लिहिते.

पाय लोंबकळतात. मोठ्यांचीच खुर्ची, खाली उशी.

जेवते म्हणजे... भरवतो. सकाळी मी, रात्री आजी. मोबाइल समोर. स्वतः खाल्लं तर एक तास लागतो आणि सांडतं. कपडे मी घालते, बस ७:४० ला येते. बूट चिकटपट्टीचे, पँट इलॅस्टिकची. बटणं कशालाच नाहीत, आत्ता कपाट उघडून बघितलं. जिना उतरायचा प्रश्नच येत नाही, आम्ही आठव्या मजल्यावर, लिफ्ट.

लिहून झाल्यावर वाटलं, शाळा म्हणतेय हात कमजोर आहे, आणि आम्ही घरात त्या हाताला कामच ठेवलेलं नाही.

---

रविवारची_मिसळ | १३ जुलै, रात्री ११:१५

ताई, आमच्याकडेही तेच होतं. सगळ्यांकडे तेच असतं. ७:४० ची बस हा सगळ्याचा मुळाधार आहे.

---

वाटाण्याची_आजी | १४ जुलै, सकाळी ६:१०

मी ६८ वर्षांची आहे, सुनेने हे पान दाखवले म्हणून टंकते आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

अगं, वही मिटून ठेव आणि तिला स्वयंपाकघरात घे. माझ्या नातवाला मी बिरडे सोलायला बसवते. वाल आदल्या दिवशी भिजत घालून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकायचे. मग एक वाल घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटाने टोकाशी दाबायचा, की डाळिंबी सुळ्ळकन बाहेर उडते. पहिल्या दिवशी त्याच्या डाळिंब्या सगळ्या फुटल्या, कारण सगळी मूठच दाबायचा. तिसऱ्या खेपेला त्याला कळले किती दाबायचे. किती दाबायचे हे सांगून येत नाही हो, ते बोटालाच कळावे लागते. आता एक वाटी सोलतो आणि अर्ध्या भिंतीवर उडवतो.

मटार सोलणे सोपे, तिथून सुरुवात कर. मग मेथी निवडणे. लसूण सर्वात शेवटी. कणकेचा गोळा रोज हातात दे. दिव्याच्या वाती वळायला दे, कापूस मांडीवर घेऊन तळव्याने वळायचा, फुलवातीला चिमटीत पीळ द्यायचा. रांगोळी तर काय, चिमटीतून सारखी धार सोडणे हे मोठ्यांना जमत नाही. आमच्या लहानपणी धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत, पेन्सिल नंतर. धुळाक्षरे म्हणतात ते यालाच.

आणि भरवणे बंद कर. वरणभाताचा घास पाचही बोटांनी गोळा करून न सांडता तोंडापर्यंत नेणे हे काय कमी कसबाचे काम आहे? खाली जुने पातळ अंथर आणि सांडू दे.

---

सुईदोरा | १४ जुलै, दुपारी १:१५

आजी, तुम्ही माझ्या थेरपीच्या खोलीतलं सगळं साहित्य फुकट सांगून टाकलंत. :)

डाळिंबीचं तर मी उद्यापासून वापरणार. जोर किती लावायचा हे स्नायू आणि सांधे मेंदूला कळवतात, आणि हे कळवणं पेन्सिलीच्या दाबात जसंच्या तसं उतरतं. ज्या मुलांच्या पेन्सिलीचं टोक सारखं मोडतं किंवा ज्यांची रेघ दिसतच नाही, त्यांचं हेच कच्चं असतं. एकच सूचना, पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मणी असतील तर जवळ मोठं माणूस हवंच. नाकात वाटाणा घालून आलेली मुलं दर श्रावणात बघते.

बुटुकताई, खुर्चीखाली पायांना पाट द्या, गुडघे काटकोनात येतील असा. टेबल कोपराच्या उंचीला. किंवा सरळ जमिनीवर बसवा, चौरंग पुढे. खडूचे लांब तुकडे मोडून बोटाच्या पेराएवढे करा, एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. त्या रबरी ग्रिपरपेक्षा हे बरं. आणि भिंतीवर काढू द्या. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्याला काम लागतं. भिंत खराब होईल म्हणत असाल तर गच्चीच्या भिंतीवर रंगाच्या जुन्या ब्रशने नुसतं पाणी. तुळशीला फवाऱ्याच्या बाटलीने पाणी घालायचं काम तिच्याकडे द्या.

हात झाला. पण खरी सुरुवात शिडीपासून करा.

---

अडीच_अक्षरं | १४ जुलै, रात्री ९:३०

थोडं कटू लिहितोय, हलके घ्या.

हे सगळं वाचायला गोड वाटतं. डाळिंब्या, वाती, धुळपाटी. पण पहिलीत गेल्यावर शाळा फळ्यावरचं उतरवून घ्या म्हणते आणि त्या दिवशी कोणी आजी मदतीला येत नाही. आत्ता सराव केला नाही तर मूल मागे पडतं, हे वास्तव आहे. शाळेला शिव्या घालणं सोपं.

---

खडूची_भुकटी | १४ जुलै, रात्री १०:२०

मी बालवाडी शिक्षिका. ज्या बाजूवर इथे सगळे बोलतायत त्या बाजूची.

आम्हाला काय तिरप्या रेघा आवडतात का हो? नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिलीला ६ पूर्ण, त्याआधी सगळं खेळातून. प्रशिक्षणात आम्हीही हेच शिकलो. गेल्या वर्षी मी जूनपासून दिवाळीपर्यंत वही काढलीच नाही. माती, ठसे, कात्री, दोरीवरून चालणं. ऑक्टोबरच्या पालकसभेत एका बाबांनी विचारलं, "फी कशाची घेता? वही कोरी आहे." टाळ्या पडल्या त्यांना. नोव्हेंबरात वरून आदेश आला, वह्या भरा. ३२ मुलं, मी आणि एक ताई. ग्रिप वीक हा शेरा मीही लिहिला आहे. तेव्हा मला खरं तर लिहायचं होतं की हिला रोज तासभर मैदानात सोडा. पण त्या वाक्याला पालक चिडतात, ग्रिप वीकला चिडत नाहीत.

अडीच_अक्षरं, पहिलीत उतरवून घ्यायला लागतं हे खरं. पण जे मूल चारला लोंबकळत्या पायांनी पानं भरतं ते पहिलीत पुढे असतं असं मला ३ बॅचमध्ये तरी दिसलं नाही. उलट चुकीची पकड पक्की होऊन येते आणि ती मोडणं महाकठीण.

---

अडीच_अक्षरं | १४ जुलै, रात्री १०:४४

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असतो बहुतेक. मुद्दा पोचला.

---

सुरूचं_बन | १५ जुलै, सकाळी ११:००

आमचं गाव डहाणूकडचं, त्यामुळे अवांतर असलं तरी लिहितो. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदावर आहे. तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आला. १९४५ ला बोर्डीला सुरुवात, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणशाळा काढली, गुरांमागे शाळा. मादाम माँटेसरी १९३९ ला भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, त्यांच्या पद्धतीचा पगडा तेव्हा सगळ्यांवर होता. पण ती लाकडी साधनं पाड्यावर कोण आणणार? मग बिया, शिंपले, पानं, काड्या, माती. बटणं लावायची चौकट नाही तर चिंचोके ओवा. साधन बदललं, बोटांचं काम तेच राहिलं.

आमची आजी तिथल्या मुलांबद्दल सांगायची की झाडावर सरसर चढणारं पोर वर्गात आलं की आठ दिवसांत काडीने मातीत सुंदर चित्रं काढायचं. बुटुकताई, तुमची शिडी आणि पेन्सिल.

---

घाटरस्ता | १६ जुलै, रात्री १:१०

सगळे छान लिहीत आहेत. मी हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

पहिलाच प्रतिसाद होता, प्रत्येक मूल आपापल्या गतीने जातं. हे वाक्य आम्हाला तीन वर्षं सगळ्यांनी सांगितलं. माझा मुलगा उशिरा चालायला लागला. जिन्यावर एकेक पायरीला दोन्ही पाय टेकवायचा, चार वर्षांचा झाला तरी. धावताना डुलायचा. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या की आमचे मामा म्हणायचे पैलवान होणार. जमिनीवरून उठताना आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. आम्हाला गंमत वाटायची, व्हिडिओ काढलेत मी त्याचे.

सहाव्या वर्षी एका बालरोगतज्ज्ञांनी त्याला फक्त जमिनीवरून उठायला सांगितलं आणि रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा असली की वाढतं ते) तपासायला लावलं. ड्यूशेन. स्नायूंचा आजार, बहुतेक करून मुलग्यांना होतो, जन्मतः असतो.

आधी कळलं असतं तर बरा झाला असता असं नाही. पण औषधं आणि व्यायाम लवकर सुरू झाले असते, आणि आजार जनुकातून येतो, त्यामुळे पुढच्या मुलाचा निर्णय आम्ही माहिती असताना घेतला असता.

बुटुकताई, तुमच्या मुलीचं असं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाही. वाट बघा म्हणणाऱ्यांना एवढंच म्हणतोय की एकदा कोणीतरी बघू दे, मग वाट बघा.

---

रविवारची_मिसळ | १६ जुलै, सकाळी ८:००

घाटरस्ता, ते वाक्य माझं होतं. यापुढे असं सरसकट लिहिणार नाही. तुम्हाला आणि लेकाला खूप प्रेम.

---

सुईदोरा | १६ जुलै, दुपारी ३:००

घाटरस्ता, लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. हा धागा पुढे कोणी गूगलवरून वाचेल तेव्हा त्याला तुमचा प्रतिसाद दिसायला हवा.

तेव्हा वाट कधी बघायची नाही ते सांगते. येत असलेली गोष्ट यायची थांबली, आधी जिना चढायचं आणि आता चढत नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. दीड वर्षाच्या आतच एक हात पक्का ठरला आणि दुसरा वापरतच नाही, तर लक्ष द्या, ते हुशारीचं लक्षण नव्हे. सतत चवड्यांवर चालणं. चारच्या आसपास जागच्या जागी दोन्ही पायांनी उडी न येणं. सपाट जमिनीवर सारखं पडणं. आणि घाटरस्ता यांनी सांगितलेलं उठणं.

याउलट ज्यासाठी पालक माझ्याकडे धावत येतात त्यातलं बरंच आपोआप सुटतं. पाय सपाट आहेत? तळव्याची कमान सहाच्या सुमारापर्यंत भरत असते. गुडघे एकमेकांना घासतात? तीन-चारला ते सगळ्यात जास्त दिसतं आणि सातपर्यंत बहुतेकांचं सरळ होतं. फेंगडे पाय मागे टाकून डब्ल्यूसारखं बसणं? बहुतेक मुलांच्या मांडीच्या हाडाची तशी ठेवण असते. मांडी घालून बसायला सांगत राहा, पण ओरडू नका. धांदरट म्हणून जे शिक्के बसतात त्यांचं खरं निदान पाचच्या आधी सहसा करतच नाहीत.

---

पिवळी_बॅग | १६ जुलै, संध्याकाळी ६:२०

मी अंगणवाडी सेविका, मराठवाड्यात. मोबाइलवरून लिहिते.

शहरातल्या ताईंना माहीत नसतं म्हणून सांगते. आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, २०१३ पासून ही योजना आहे. मुलाला काही कमी दिसलं तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रात पाठवतात, तपासणी फुकट. गेल्या साली आम्ही एक पोरगा पाठवला, त्याच्या आईला वाटायचं आळशी आहे.

अन् एक. तुमच्याकडे मूल बसून राहतं मोबाइलमुळे. आमच्याकडे बसून राहतं रक्त कमी म्हणून. बाकीची पोरं शिवणापाणी खेळतात, हे एक भिंतीला टेकून बसतं. त्रास देत नाही, गुणी आहे म्हणतात घरचे. मी वजन काट्यावर टाकते, डोळ्याची पापणी खाली ओढून बघते. गुणी पोराकडे आधी बघायचं असं माझं ठरलेलं.

---

डावखुरा_गोलंदाज | १७ जुलै, सकाळी १०:१०

धागा भरकटवतो, माफी. मुलगी ४ वर्षांची, सगळं डाव्या हाताने. आईचं म्हणणं, प्रसाद तरी उजव्या हाताने घ्यावा. घरात रोज महाभारत. सवय बदलावी का?

---

सुईदोरा | १७ जुलै, दुपारी १:४०

बदलू नका. चारपर्यंत हात बहुतेक ठरलेला असतो आणि तो मेंदूने ठरवलेला असतो. डावखुऱ्यांची कात्री आणा, साधी कात्री तिच्या हातात कापतच नाही आणि मग मुलीलाच जमत नाही असं वाटतं. वहीचा वरचा डावा कोपरा वर आणि उजवा खाली असा कागद तिरपा ठेवा, म्हणजे लिहिलेलं तिला दिसेल आणि मनगट आकड्यासारखं वळणार नाही. प्रसादाचं काय ते तुम्ही आणि आईंनी मिटवा, तिथे माझी डिग्री चालत नाही.

---

वाटाण्याची_आजी | १७ जुलै, दुपारी ४:००

आईंना सांगा, ताटातसुद्धा डावे-उजवे दोन्ही वाढतो, चटणी-मीठ डावीकडे असते म्हणून कोणी कमी लेखत नाही. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. भांडण संपले.

---

हडसन_काठ | १८ जुलै, सकाळी ५:३०

न्यू जर्सीहून. इथे सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२२ मध्ये वयानुसार काय यावं याची यादी नव्याने केली. आता त्यात ७५ टक्के किंवा जास्त मुलांना त्या वयात जे जमतं तेच ठेवलंय, म्हणजे यादीतलं जमत नसेल तर थांबू नका, विचारा. चारला खडू मुठीत न धरता बोटांत धरणं, मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलणं, काही बटणं काढणं. पाचला काही बटणं लावणं आणि एका पायावर उड्या. बटणं काढणं आधी, लावणं नंतर, हे वाचून मी हसले, कारण मी उलट शिकवत होते.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं, ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी. स्क्रीन १ तासाच्या आत. आणि एका वेळी तासापेक्षा जास्त बाबागाडीत किंवा सीटमध्ये जखडून ठेवू नये. मी एका शनिवारी घड्याळ लावून मोजलं. आमची ७० मिनिटं भरली. बर्फ पडतो हे कारण जुलैत सांगता येत नाही.

---

पाणकणीस | १८ जुलै, सकाळी ९:००

एका पायावर उड्या = लंगडी. उगाच इंग्रजीत काय काय वाचायचं. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खडूने ठिक्करची घरं आखलीत, गाड्यावाले पुसतात, आम्ही परत आखतो.

---

चिंचेचं_बुटुक | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. कबूल केलं होतं म्हणून नाही, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

जुलैतच बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. घाटरस्ता यांचं वाचून आधी जमिनीवरून उठायला लावलं घरी, मग तिथे. सगळं ठीक. हिमोग्लोबिन कमी निघालं, ते औषध तीन महिने. (पिवळी_बॅग ताई, माझीही 'गुणी' म्हणूनच ओळखली जायची.) हस्ताक्षर वर्गाच्या फीमध्ये एक लहान टेबल-खुर्ची आली.

शाळेत जाऊन बाईंशी बोलले. खडूची_भुकटी यांचा प्रतिसाद वाचला नसता तर भांडूनच आले असते. म्हटलं, वही कोरी राहिली तर आमची तक्रार नाही, लिहून देते. त्यांनी खरंच लिहून घेतलं. आणि हळूच म्हणाल्या, अजून दोन पालकांना पाठवा.

जेवणाचं सांगते. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरात युद्धभूमी. सासूबाईंना भरवू नका म्हणणं हे डॉक्टरकडे जाण्यापेक्षा अवघड होतं. त्यांचा भरवण्याचा वेळ काढून घेतला असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. मग आजींच्या डाळिंब्यांचं काढलं. आता गुरुवारी दोघी मांडीला मांडी लावून सोलत बसतात. फुटलेल्या डाळिंब्या आजी स्वतःच्या वाटीत टाकते म्हणजे लेकीची वाटी अख्खी दिसावी.

उतरताना तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट, तिथून खाली जिना. आधी एका पायरीवर दोन पाय. दसऱ्याच्या सुमाराला एकदा माझा हात सोडला आणि एकाआड एक पाय टाकत उतरली, शेवटच्या दोन पायऱ्या उडी. शिडी अजून पूर्ण नाही. चौथ्या पायरीपर्यंत जाते, तिथून हाका मारते.

दिवाळीत खाली पोरांनी किल्ला केला. ही आठ दिवस चिखलात. तिच्याकडे बुरुज नव्हता, लहान म्हणून पायऱ्या करायचं काम दिलेलं, काडीने मातीत रेघा ओढायच्या. मी वरून बघत होते. काडी तीन बोटांत होती. मी खाली धावत गेले नाही, फोटो काढला नाही, कोणाला सांगितलं नाही. आज इथेच पहिल्यांदा सांगतेय.

पेन्सिल अजून कधी बोटांत, कधी मुठीत. तिरप्या रेघा डोंगरासारख्याच.

पण काल बाबाचा जुना शर्ट घालून बसली होती. समोरची सात बटणं. काढली सगळी. मग लावायला घेतली, खालून. सकाळची ७:१५ ची वेळ, पोळी तव्यावर, आणि मी हात पाठीमागे बांधून उभी. दोन लागली, तिसरं चुकीच्या काजात गेलं. म्हणाली, "हे राहू दे, संध्याकाळी." बस चुकली. बाबा स्कूटरवर सोडून आला, ती तोच शर्ट वरून घालून गेली, गणवेशावर.

डायरीत शेरा आलाय, गणवेशाबद्दल. लाल शाईत.

---

वाटाण्याची_आजी | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

वाल कडवे घ्यावेत, गोडे नको. सोलायला बारीक असतात पण चव त्यांनाच. आता थंडी आहे, मोड यायला दोन दिवस लागतील, भांडे उबेला ठेव.